एकवीस अंकी संख्या आणि एक मठवासी : फादर मारिन मर्सेन



ह्या पत्रिकेतून आम्ही संतांची, मिशनऱ्यांची आणि धर्मासाठी झिजलेल्या स्त्रीपुरुषांची चरित्रे आपल्यापुढे ठेवत आलो आहोत. आज ज्या धर्मगुरूंची ओळख करून देत आहोत, त्यांना ख्रिस्तसभेने संत घोषित केलेले नाही. त्यांची नोव्हेना नाही, त्यांच्या नावाचा सण नाही. परंतु जगात जिथे जिथे संख्यांचा अभ्यास चालतो, तिथे तिथे ह्या फादरांचे नाव रोज घेतले जाते. त्यांचे नाव फादर मारिन मर्सेन. त्यांनी एक यादी केली आणि ती पाच ठिकाणी चुकली. तरीही तीनशे वर्षे मोठमोठे गणिती त्या यादीमागे धावले. असे का झाले, ते आपण पाहू या.

शेतकऱ्याचा मुलगा

८ सप्टेंबर १५८८ रोजी, पवित्र मारियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, फ्रान्समधील मेन प्रांतातल्या एका खेड्यात मारिन जन्मला. आईवडील साधे शेतकरी. मुलाची हुशारी पाहून त्यांनी त्याला आधी जवळच्या ल मान शहरात आणि नंतर ला फ्लेश येथे शिकायला पाठवले. ला फ्लेशचे महाविद्यालय येशूसंघीय फादरांनी १६०४ साली उघडले होते आणि मारिन तिथल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होता. त्याच महाविद्यालयात पुढे थोर तत्त्वज्ञ झालेला रने देकार्त हा आठ वर्षांनी लहान मुलगाही शिकला. त्या दोघांची मैत्री मात्र पुढे, मोठेपणी जुळली आणि शेवटपर्यंत टिकली.

पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात ईशज्ञानाचा अभ्यास करून १६११ साली मारिन यांनी मिनिम संघात प्रवेश केला. मिनिम म्हणजे सर्वांत लहान. पावलाचे संत फ्रान्सिस ह्यांनी स्थापलेल्या ह्या संघाचा नियम मोठा कडक होता. मांस नाही, अंडी नाहीत, दूध, लोणी, चीजसुद्धा नाही. आपण चाळीस दिवस उपवासकाळ पाळतो, तो हे मठवासी जन्मभर पाळत. १६१३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. नव्हेर येथील मठात काही वर्षे तत्त्वज्ञान शिकवल्यावर १६१९ साली ते पॅरिसच्या मठात परतले. मधले काही प्रवास सोडले तर उरलेले आयुष्य त्यांनी तिथल्या एका खोलीतच काढले.

सत्य कळू शकते का?

त्या काळी युरोपात एका विचाराने जोर धरला होता. माणसाला खात्रीने काहीच कळू शकत नाही, प्रत्येक गोष्टीवर शंका घेता येते, असे काही विद्वान म्हणत. फादर मर्सेन ह्यांना हा विचार धर्मालाही घातक वाटे आणि विद्येलाही. १६२५ साली त्यांनी ‘विज्ञानांचे सत्य’ ह्या अर्थाचे फ्रेंच पुस्तक लिहून त्याला उत्तर दिले. पुस्तकाचा मोठा भाग त्यांनी गणितालाच दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : सगळ्या गोष्टींचे मूळ आपल्याला कळणार नाही, हे मान्य. पण दोन आणि दोन चार, हे राजालाही बदलता येत नाही आणि शंकेखोरालाही नाकारता येत नाही. म्हणजे माणसाला काही गोष्टी तरी पक्क्या कळतात.

त्याआधी १६२३ साली त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर एक भलामोठा लॅटिन ग्रंथ लिहिला होता. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली, हे आपण सर्व जाणतो. सहाच दिवस का? संत ऑगस्टीन ह्यांनी ह्याचे एक उत्तर फार पूर्वी दिले होते : सहा ही परिपूर्ण संख्या आहे. तिला १, २ आणि ३ ने भाग जातो आणि १, २, ३ ची बेरीज पुन्हा सहाच होते. अशी पुढची संख्या २८. तिचे भाजक १, २, ४, ७, १४. त्यांची बेरीज २८. त्यानंतरची ४९६, आणि मग थेट ८१२८. फादर मर्सेन ह्यांना पुढे ज्या प्रश्नाने गाठले, तो ह्या परिपूर्ण संख्यांचाच प्रश्न होता.

मठातील खोली की टपाल कचेरी?

आज शास्त्रज्ञ आपले शोध मासिकांतून छापतात. त्या काळी अशी मासिके नव्हती. पहिले १६६५ साली निघाले. मग एका देशातील शोध दुसऱ्या देशात कसा कळावा? हे काम ह्या एका फादरांनी जवळजवळ एकट्याने केले. ते सगळ्यांना पत्रे लिहीत. एकाचे उत्तर दुसऱ्याला कळवत, दुसऱ्याची शंका तिसऱ्यापुढे ठेवत. हॉलंडमध्ये राहणारा देकार्त, तुलूझचा न्यायाधीश फर्मा, इंग्लंडचा हॉब्ज, इटलीतील गॅलिलिओ आणि तोरिचेल्ली ह्या साऱ्यांशी त्यांचा संबंध होता. १६३५ पासून पॅरिसमध्ये त्यांच्याभोवती गणितज्ञांची नियमित बैठक भरू लागली. तिथे तरुण पास्कल आपल्या वडिलांबरोबर येई. त्यांच्या मृत्यूनंतर खोलीत ७८ जणांची पत्रे सापडली. विसाव्या शतकात हा पत्रव्यवहार छापला गेला, तेव्हा त्याचे सतरा खंड भरले.

१६३३ साली रोममध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली. दुसऱ्याच वर्षी, १६३४ मध्ये, ह्या फादरांनी गॅलिलिओचे यंत्रशास्त्रावरील लेखन फ्रेंचमध्ये आणून छापले. १६३६ साली त्यांचा संगीतावरचा मोठा ग्रंथ निघू लागला. आपल्या गायनमंडळातील व्हायोलिनची तार जितकी आखूड, जितकी ताणलेली आणि जितकी हलकी, तितका तिचा स्वर वर जातो. हे किती प्रमाणात घडते, त्याचे नियम त्यांनी मोजून मांडले. ध्वनीचा वेगही त्यांनी मोजला.

कुणाला प्रश्न विचारावा, हे त्यांना अचूक कळे. १६४३ साली त्यांनी फर्माला विचारले की, १,००,८९,५५,९८,१६९ ही संख्या मूळ आहे का? मूळ संख्या म्हणजे १ आणि स्वतः ती संख्या सोडून दुसऱ्या कशानेही जिला भाग जात नाही अशी. जसे ७, १३, ३१. फर्माने लगेच कळवले : नाही, ती ८,९८,४२३ आणि १,१२,३०३ ह्यांचा गुणाकार आहे, आणि ह्या दोन्ही संख्या मात्र मूळ आहेत. संगणक तर सोडाच, साधे गणनयंत्रही हाताशी नसताना हे उत्तर आले होते.

दाण्यांचा हिशेब

आता यादीकडे वळू. बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जायचे. दोन घरे भरली की एकूण दाणे ३. तीन घरे भरली की ७. चार भरली की १५. पाच भरली की ३१. म्हणजे जितकी घरे, तितक्या वेळा २ चा गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा.

ग्रीक गणिती युक्लिड ह्यांनी ख्रिस्तजन्माच्या सुमारे तीनशे वर्षे आधी दाखवले होते की, अशी बेरीज मूळ संख्या आली, तर तिला शेवटच्या घरातील दाण्यांनी गुणावे. परिपूर्ण संख्या मिळते. ३ गुणिले २ म्हणजे ६. ७ गुणिले ४ म्हणजे २८. १५ मूळ नाही, ती सोडावी. ३१ गुणिले १६ म्हणजे ४९६. म्हणून परिपूर्ण संख्या शोधायची, तर कितव्या घरापर्यंतची बेरीज मूळ येते, ते शोधले पाहिजे.

घरांची संख्याच मूळ नसेल, तर बेरीजही मूळ येत नाही, हे सिद्ध करता येते. पण घरांची संख्या मूळ असली म्हणून बेरीज मूळ येईलच असे नाही. अकरा घरांची बेरीज २,०४७ आहे आणि ती २३ गुणिले ८९ आहे.

१६४० साली फर्माने फादर मर्सेन ह्यांना पत्राने एक किल्ली दिली. बेरजेला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर ती संख्या घरांच्या दुपटीच्या कुठल्यातरी पटीपेक्षा एकने जास्त असलीच पाहिजे. अकराची दुप्पट २२. २२ अधिक १ म्हणजे २३. बावीस चोक ८८ अधिक १ म्हणजे ८९. ह्याच किल्लीने फर्माने ३७ घरांची बेरीज, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७१, फोडून दाखवली. तिला २२३ ने भाग जातो. ३७ ची दुप्पट ७४, चौऱ्याहत्तर त्रिक २२२, अधिक १.

१६४४ ची यादी

१६४४ साली फादर मर्सेन ह्यांचा भौतिक व गणिती विचारांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. इटलीतील बेर्गामोचे पिएत्रो बोंगो ह्यांनी संख्यांच्या गूढार्थावर एक ग्रंथ लिहून त्यात अठ्ठावीस परिपूर्ण संख्या दिल्या होत्या. फादरांनी प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले की, त्यांपैकी वीस चुकीच्या आहेत, आठच खऱ्या. पुढे त्यांनी स्वतःचा दावा मांडला. त्याचा अर्थ असा : २५७ पर्यंत फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्याच घरांची बेरीज मूळ येते, बाकी कुठलीही नाही.

हे त्यांना कसे कळले? तपासून पाहणे शक्यच नव्हते. पंधरा-वीस अंकांची संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सगळा काळही पुरणार नाही, असे त्यांनी स्वतःच त्याच ठिकाणी लिहून ठेवले आहे. ६७ घरांची बेरीज तर एकवीस अंकी आहे : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. २५७ घरांची बेरीज ७८ अंकी होते.

त्यानंतर चार वर्षांनी, १६४८ च्या उन्हाळ्यात, फादर आजारी पडले. छातीत पू झाला होता. शस्त्रवैद्यांनी चीर दिली, पण ती योग्य जागी पडली नाही. १ सप्टेंबर १६४८ रोजी, साठावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, त्यांनी प्राण सोडला. जवळ त्यांचे मित्र, धर्मगुरू आणि तत्त्वज्ञ गासेंदी होते. आपल्या मृत्यूचे कारण कळावे म्हणून आपले शरीर उघडून पाहावे, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. तसे केल्यावर चीर कुठे चुकली ते समजले.

यादीचा न्यायनिवाडा

फादर गेले, यादी राहिली. १७७२ साली थोर गणिती ऑयलर ह्यांनी कळवले की, ३१ घरांची बेरीज, २,१४,७४,८३,६४७, खरोखरच मूळ आहे. फादर बरोबर होते.

१८७६ साली फ्रेंच गणिती एदुआर ल्युका ह्यांनी नवीनच वाट काढली. संख्या फोडून न पाहताही ती मूळ आहे की नाही, हे त्यांच्या पद्धतीने कळे. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेच्या लेमर ह्यांनी तिला सोपे रूप दिले. पाच घरांच्या ३१ वर करून पाहू. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करून २ वजा करा : १४. पुन्हा वर्ग करून २ वजा करा : १९४, त्याला ३१ ने भागले की बाकी ८. पुन्हा ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२. ३१ ने भागले की बाकी शून्य. घरांपेक्षा दोन कमी पायऱ्यांवर, म्हणजे इथे तिसऱ्या पायरीला, बाकी शून्य आली की संख्या मूळ. शून्य आली नाही, तर मूळ नाही.

ल्युका ह्यांनी त्याच वर्षी १२७ घरांची ३९ अंकी बेरीज मूळ असल्याचे सिद्ध केले. यंत्राच्या मदतीविना, निव्वळ हाताने सिद्ध झालेली ही सर्वांत मोठी मूळ संख्या. इथेही फादर बरोबर. पण ६७ ची एकवीस अंकी बेरीज मूळ नाही, हेही ल्युका ह्यांनीच दाखवले. यादीतील एक नाव गळले. मात्र तिला कशाने भाग जातो, ते कुणालाच सांगता येईना. भाग जातो हे नक्की, पण कशाने ते ठाऊक नाही, अशा विचित्र अवस्थेत ती संख्या सत्तावीस वर्षे राहिली.

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकेतील गणितज्ञांची सभा भरली होती. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल फळ्याजवळ गेले. तोंडातून शब्द न काढता त्यांनी २ चा सदुसष्ट वेळा गुणाकार करून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला लिहिले : १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. सावकाश, एकेक ओळ मांडत त्यांनी गुणाकार पूर्ण केला. दोन्ही बाजूंची उत्तरे अंकाअंकाने सारखी आली. ते मुकाट्याने जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, असे सांगतात. हे भाजक शोधायला किती वेळ लागला, असे पुढे कुणी विचारले, तेव्हा तीन वर्षांचे रविवार, असे उत्तर त्यांनी दिल्याचीही आठवण सांगितली जाते.

आम्ही फर्माची जुनी किल्ली ह्या संख्येला लावून पाहिली. ६७ ची दुप्पट १३४. कोल ह्यांच्या लहान भाजकातून एक वजा करून १३४ ने भागले, तर भाग नि:शेष जातो आणि उत्तर १४,४५,५८० येते. मोठ्या भाजकालाही तोच नियम लागू पडतो. मठातल्या खोलीत १६४० साली आलेल्या पत्रातील नियम न्यूयॉर्कच्या फळ्यावरही तसाच खरा ठरला. पण नुसत्या त्या किल्लीने एकेक संख्या तपासत गेलो असतो, तर चौदा लाखांहून अधिक संख्या तपासाव्या लागल्या असत्या. कोल ह्यांनी आणखी कितीतरी युक्त्या करून ही रास लहान केली.

इतर चुकाही एकेक करून उघड झाल्या. १८८३ साली रशियातील पेर्वूशिन ह्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी दाखवले की, ६१ घरांची बेरीज मूळ आहे. फादरांनी ती गाळली होती. त्यांना ६१ च लिहायचे असावे आणि नकलेत त्याचे ६७ झाले असावे, असा काहींचा तर्क आहे. १९११ साली ८९ आणि १९१४ साली १०७ ह्याही मूळ बेरजा देतात हे कळले. पुढे २५७ ची बेरीज मूळ नाही हेही ठरले. १९४७ पर्यंत सगळी यादी तपासून झाली. दोन नावे चुकीची होती आणि तीन राहून गेली होती. २५७ पर्यंत एकूण ५५ मूळ संख्या आहेत, त्यांपैकी पन्नासांबद्दल फादर बरोबर होते.

आपल्यासाठी काय?

बंधुभगिनींनो, अडीचशेहून अधिक वर्षे एका धर्मगुरूंचा शब्द छापील पानावर होता. ते धर्मगुरू होते म्हणून तो खरा मानला गेला नाही आणि धर्मगुरू होते म्हणून खोटाही ठरवला गेला नाही. तो तपासला गेला. त्यांनी स्वतः बोंगो ह्यांच्या अठ्ठावीस संख्यांना हेच केले होते. सत्य माणसाला कळू शकते, असे त्यांनी १६२५ साली शंकेखोरांना बजावले होते. ते खरे ठरले, आणि त्यांचीच यादी खोडून खरे ठरले. आपले मृत शरीरसुद्धा तपासायला देणाऱ्या ह्या मठवाशाला त्याचे वाईट वाटले असते, असे आम्हांला वाटत नाही.

अशा मूळ बेरजांना आज जगभर मर्सेनच्या मूळ संख्या म्हणतात. १९९६ पासून अनेक देशांतील हजारो साधी माणसे आपापल्या संगणकांवर त्या एकत्र शोधत आहेत. जणू ती जुनी पत्रांची देवघेव अजून चालूच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशी बावन्नावी संख्या जाहीर झाली. तिच्यासाठी पटावर १३,६२,७९,८४१ घरे लागतील आणि ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. तरीही संत ऑगस्टीन ह्यांच्या त्या सहापासून निघालेले सगळेच प्रश्न सुटलेले नाहीत. आजवर सापडलेल्या सर्व परिपूर्ण संख्या सम आहेत. एखादी विषम परिपूर्ण संख्या आहे का, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेले नाही.

गणिताची भीती वाटणारी मुले प्रत्येक घरात असतात. ह्या रविवारी दुपारी त्यांना जवळ बसवून तांदळाचे दाणे मांडायला सांगा : एक, दोन, चार, आठ, सोळा. बेरीज ३१ आली की सोळाने गुणायला लावा आणि ४९६ चे सगळे भाजक शोधायला सांगा. बेरीज जुळली की त्यांना फादर मर्सेन ह्यांचे नाव सांगा.